पात्र येतं कसं, जातं कसं: एंट्री आणि एक्झिट टप्प्याटप्प्याने

नवख्या पटकथा वाचताना एक पान हमखास भेटतं. गाडी थांबते. दार उघडतं. बूट जमिनीवर टेकतात. कॅमेरा बुटांवरून वर सरकतो, गॉगल दिसतो, वारा सुटतो, संगीत चढतं. आणि एवढं करून पात्र समोर उभं राहिलं की पुढे काहीच होत नाही. ते खुर्चीत बसतं आणि बोलायला लागतं. एक्झिटची तर याहून आबाळ. संवाद संपले की पात्र 'बरं, निघतो' म्हणतं आणि निघतं.

इथे कॅमेऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, चुकतो तो कामाचा क्रम. एंट्रीचा परिणाम आधीपासून खोलीत असलेल्या माणसांवर दिसतो आणि एक्झिटचा मागे राहिलेल्यांवर. दारातून चालत येणाऱ्या नटावर दोन्हीतलं थोडंच अवलंबून असतं. म्हणून आधी शेवटची एक्झिट ठरवायची, मग पात्र येण्याआधीची खोली लिहायची, मग पात्राची पहिली कृती. कॅमेरा त्यानंतर, आणि संगीत अगदी शेवटी.

खाली याच क्रमाने जाऊ. सोबत एकच कल्पित प्रसंग ठेवतो. बंद पडायला आलेला एक छापखाना आहे. मालक वारला आहे. त्याची मुलगी बऱ्याच वर्षांनी येते आहे, छापखाना विकायला. आत दोघंच: जुना मशीनमन आणि हिशेबनीस.

तयारी: एक कागद, चार ओळी

पहिल्यांदा ठरवा की वजनदार एंट्री कोणाला द्यायची. सगळ्यांना दिली तर कोणाचीच लक्षात राहत नाही. दोन तासांच्या चित्रपटात माझ्या मते तीन, फार तर चार. बाकीची पात्रं प्रसंग सुरू होतानाच आत असलेली बरी. कोण कुठून आलं हे प्रेक्षक विचारत नाही.

ज्यांना एंट्री द्यायची त्या प्रत्येकासाठी एका कागदावर चार ओळी लिहा:

१. पात्र येण्याआधी प्रेक्षकाला त्याच्याबद्दल काय ठाऊक आहे, आणि ते कोणाच्या तोंडून?
२. आत असलेल्यांपैकी ते कोणाला हवं आहे आणि कोणाला नको?
३. ते आल्यावर खोलीत काय थांबतं किंवा काय सुरू होतं?
४. ते कायमचं गेल्यावर मागे काय उरतं? एखादी वस्तू, जागा, आवाज, सवय?

बहुतेकांची तिसरी ओळ कोरी राहते. कोरी राहिली तर पुढे जाऊ नका. येण्याने काहीच बदलत नसेल तर तो नुसता प्रवास झाला, आणि प्रवास कापता येतो.

छापखान्याचा कागद असा भरतो. मुलीबद्दल आपल्याला ठाऊक आहे की ती वडिलांशी भांडून गेली होती; हे हिशेबनीस सांगतो, आणि तो तिच्या विरुद्ध आहे. ती मशीनमनला हवी आहे, हिशेबनिसाला नको. ती आल्यावर चालू मशीन थांबतं. आणि ती गेल्यावर उरते मालकाची खुर्ची, जिच्यावर तो वारल्यापासून कोणी बसलेलं नाही.

> तपासा: चौथ्या ओळीतली गोष्ट पडद्यावर दिसणारी किंवा ऐकू येणारी आहे का? 'पोकळी', 'आठवणी', 'हुरहूर' असे शब्द लिहिले असतील तर खोडा. ते कॅमेऱ्याला दिसत नाहीत.

टप्पा १: जाणं आधी ठरवा

हे उलटं वाटतं, पण वेळ वाचतो. पात्र शेवटचं कसं जाणार हे ठाऊक असलं की ते कसं आलं पाहिजे हे निम्मं ठरून जातं. मागच्या दाराने आलेलं माणूस पुढच्या दाराने गेलं तर त्यात आपोआप काहीतरी सांगून होतं. गर्दीत आलेला एकटा गेला, बोलत आलेली गप्प गेली, हेही तसंच. दोन टोकं एकमेकांकडे बघत असली पाहिजेत.

१९५६ च्या 'द सर्चर्स' मध्ये सुरुवातीला घराचं दार आतून उघडतं आणि बाहेरच्या उजेडात नायक दूरवरून येताना दिसतो. शेवटी दार दुसऱ्या घराचं, पण तशीच आतली काळोखी चौकट. सगळे आत येतात, तो बाहेरच राहतो, पाठ फिरवून चालू लागतो आणि दार बंद होतं. या माणसाला घरात जागा नाही, हे सांगायला एक वाक्यही लागत नाही. शेवट मनात नसता तर पहिला शॉट दाराच्या आत कॅमेरा ठेवून घ्यायचं कारणच नव्हतं.

आपल्या प्रसंगात: मुलगी शेवटी पुढच्या दाराने जाईल, गिऱ्हाईक जातं तसं. म्हणजे ती यायला हवी मागच्या दाराने, जिथून कामगार येतात.

> सावधान: जुळवाजुळव फार काटेकोर झाली तर ती लेखकाची हुशारी दिसते. एकच धागा जुळवा. दार जुळवलं असेल तर वाक्यही तेच, कपडेही तेच, पाऊसही तोच असं करू नका.

टप्पा २: पात्र नसताना त्याची जागा तयार करा

सगळ्यात जास्त काम इथे आहे आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते.

'द थर्ड मॅन' (१९४९) बघा. ज्याच्याभोवती सगळी गोष्ट फिरते तो माणूस बराच वेळ पडद्यावर येतच नाही. सुरुवातीलाच कळतं की तो मेला आहे. मग एकेक जण त्याच्याबद्दल बोलतो आणि प्रत्येकाचा माणूस निराळा निघतो. मध्येच एक मांजर दिसतं, जे फक्त त्यालाच लळा लावून होतं असं आपल्याला सांगितलं जातं. मग रात्री, रस्त्यावर, ते मांजर एका अंधाऱ्या दारातल्या बुटांशी जाऊन बसतं. वरच्या खिडकीत दिवा लागतो, उजेड चेहऱ्यावर पडतो. त्या माणसाला त्या क्षणी एकही वाक्य दिलेलं नाही. गरजच नाही, कारण बोलण्याचं काम आधी दुसऱ्यांनी करून ठेवलं आहे आणि ओळख पटवण्याचं काम मांजराने केलं आहे.

यातून उचलायची गोष्ट म्हणजे नुसती चर्चा पुरत नाही, एक खूणही पेरावी लागते. चर्चेने उत्सुकता तयार होते. खूण दिसली की प्रेक्षकाला कोणी न सांगता कळतं की 'हाच तो'. हे त्याचं त्याला कळण्यातच सगळी मजा आहे.

पूर्वतयारीची तीन साधनं नेहमी हाताशी ठेवा.

*दुसऱ्यांचं बोलणं.* किमान दोघांची मतं वेगळी असू द्या. सगळेच 'तो फार भयंकर आहे' म्हणू लागले की ती जाहिरात होते. एक जण घाबरलेला आणि एक जण हसणारा असेल तर प्रेक्षकाला पात्र स्वतः बघावंसं वाटतं.

*रिकामी जागा.* खुर्ची, खुंटी, टेबलाचं टोक, गाडीतली पुढची सीट. लोक त्या जागेशी कसे वागतात ते दाखवा, ती जागा कोणाची हे सांगू नका.

*बदललेलं वागणं.* येणाऱ्याच्या नुसत्या बातमीने लोक काय लपवतात, काय पुसतात, कोण केस नीट करतं, कोण काढता पाय घेतं. माझं हे सगळ्यात आवडतं साधन, कारण यात संवाद लागत नाहीत आणि आतल्या पात्रांचीही ओळख फुकटात होते.

छापखान्यात: हिशेबनीस जुन्या वह्या टेबलाखाली सरकवतो. मशीनमन मालकाची खुर्ची फडक्याने पुसतो. मग दमून बसायला जागा शोधतो आणि कागदाच्या रिमांवर बसतो, खुर्चीवर नाही. झालं. मुलगी अजून आलेली नाही, पण खुर्ची आणि वह्या दोन्ही पेरल्या गेल्या.

> सावधान: नमनाला घडाभर तेल घालू नका. जेवढी वाट बघायला लावाल तेवढं देणं लागता. छोट्या कामासाठी येणाऱ्या पात्राची दहा पानं वाट बघायला लावली, तर ते आल्यावर प्रेक्षक विचारतो, 'एवढंच?'

> तपासा: पात्र येण्याआधीचं पान कोणाला तरी वाचायला द्या. वाचून त्याला सांगता आलं पाहिजे की कोण येणार आहे आणि आल्यावर कशाची भीती किंवा आशा आहे. सांगता आलं नाही तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

टप्पा ३: पहिली कृती

आल्यावर पात्र पहिल्या दहा सेकंदांत काय *करतं*, हे प्रेक्षक शेवटपर्यंत धरून ठेवतो. दिसणं नंतर विसरतो.

'शोले' (१९७५) मधल्या खलनायकाचं उदाहरण सगळे देतात, पण बहुतेक जण त्यातला आवाज आणि संवाद उचलतात. मला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी मान खाली घालून उभी असलेली त्याचीच माणसं. मग खडकावर फिरणारे बूट आणि हातातून ओघळून दगडावर घासत जाणारा पट्टा. चेहरा बऱ्याच वेळाने. म्हणजे त्याची दहशत आपण आधी दुसऱ्यांच्या शरीरात बघतो, आणि तो स्वतः करतो काय, तर येरझारा. हातघाई नाही, घाई नाही. येरझारा घालणाऱ्याकडे वेळ आहे आणि उभ्या असलेल्यांकडे नाही.

पहिली कृती निवडताना तीन चाळण्या लावा.

एक, ती दुसऱ्या कोणी केली नसती अशी हवी. 'मोबाइल बघत आत येते' हे कोणीही करेल.

दोन, शक्य असेल तर ती पात्राच्या आलेल्या कारणाच्या विरुद्ध हवी. छापखाना विकायला आलेली मुलगी आत येऊन इकडेतिकडे तुच्छतेने बघते, हे अपेक्षित आहे. त्याऐवजी ती दारातच थांबते. चालू मशीनच्या आवाजात एक खरखर आहे. ती पर्स खाली ठेवते, मशीन थांबवते, बाही वर करून आत हात घालते, काहीतरी आवळते, पुन्हा चालू करते. खरखर गेलेली. मग ती हाताला शाई लागलेली बघते आणि तिला राग येतो, मशीनचा की स्वतःचा ते कळत नाही. आलीय विकायला, पण हात विसरलेले नाहीत. पुढच्या नव्वद मिनिटांचा झगडा इथे आला.

तीन, ती कृती *आतल्यांना* काहीतरी करायला लावणारी हवी. मशीन थांबल्यावर हिशेबनीस उठून उभा राहतो. मशीनमन उठत नाही, फक्त ऐकतो. दोन माणसं, दोन प्रतिक्रिया. त्या शूट करायला विसरलात तर एंट्री अर्धीच झाली म्हणून समजा.

> सावधान: पहिल्या कृतीला स्पष्टीकरणाचा संवाद जोडू नका. 'लहानपणी बाबांनी शिकवलं होतं' हे वाक्य मुलीच्या तोंडी आलं की सगळं मुसळ केरात.

टप्पा ४: पानावर लिहिताना

इथे थोडक्यात. पात्र पहिल्यांदा दिसतं तिथे त्याचं वय आणि एकच ठळक गोष्ट लिहा. पूर्वचरित्र लिहू नका. ते वाचणाऱ्याला कळेल, बघणाऱ्याला नाही. प्रत्येक नजर आणि प्रत्येक प्रतिक्रिया स्वतंत्र ओळीत टाका. ओळ तुटली की वाचणाऱ्याच्या मनात शॉट तुटतो, आणि 'क्लोज-अप' हा शब्द न लिहिताही क्लोज-अप सुचवता येतो. दिग्दर्शकाला कॅमेरा शिकवायला जाऊ नये हेही त्यात साधतं.

टप्पा ५: ब्लॉकिंग, म्हणजे कोण कुठे उभं

आता जागेवर जा. नट नसले तरी चालतील. दोन मित्रांना उभं करा आणि मोजा.

पहिलं मोजा ते दारापासून पहिल्या थांब्यापर्यंतचं अंतर. पावलं मोजा आणि सेकंद मोजा. खोलीत चार सेकंद चालणं छान वाटतं, पडद्यावर चार सेकंद नुसतं चालणं फार असतं. अंतर कमी करा किंवा वाटेत काहीतरी घालवा: एखादी अडचण, एखादी नजर, वाट देणारा माणूस.

अंतरच हवं असेल तर ते पूर्ण वापरा. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) मध्ये वाळवंटात विहिरीशी दोघं जण आहेत आणि मृगजळातून एक ठिपका येतो. तो उंटस्वार आहे हे कळायला बराच वेळ लागतो, तो मित्र की शत्रू हे कळायला त्याहून जास्त. छायाचित्रकार फ्रेडी यंग यांनी त्यासाठी ४८२ मिलिमीटरची लेन्स वापरली होती. इतक्या लांब पल्ल्याच्या लेन्समधून माणूस चालत असतो, पण जवळ आल्यासारखा वाटत नाही, आणि त्यातून ताण चढत जातो. तुमच्याकडे अशी लेन्स नसेल, पण तत्त्व तेच राहतं. दुरून येणाऱ्याला लांब लेन्स लावली की वाट लांबते. वाइड लेन्स लावून त्याला कॅमेऱ्याच्या अंगावर येऊ दिलं की दोन पावलांत तो चौकट भरून टाकतो. धाकासाठी वाइड, वाट पाहण्यासाठी लांब.

दुसरं, आधी कोण बघतं ते ठरवा. तीन पर्याय आहेत: प्रेक्षकाला पात्र आधी दिसतं आणि आतल्यांना नंतर (ताण), आतल्यांना आधी दिसतं आणि प्रेक्षकाला नंतर (उत्सुकता), दोघांना एकदम (धक्का). प्रत्येक एंट्रीसाठी यातला एकच निवडा. ठरवलं नाही तर शूटिंगला तिन्हीचे शॉट घेतले जातात आणि एडिटिंगमध्ये खिचडी होते.

तिसरं, दार. कुठल्या बाजूला उघडतं, आत की बाहेर, हे प्रत्यक्ष उघडून बघा. आत उघडणारं दार नटाला झाकतं आणि त्याच्या मागे वळून ते बंद करण्यात सगळा डौल जातो. बंद करायचंच नसेल तर मागे उघडं दार राहतं, आणि उघडं दार प्रेक्षकाला अस्वस्थ ठेवतं. ते हवं असेल तर उत्तम. नको असेल तर बंद करायला दुसरं कोणी ठेवा.

> तपासा: तालमीत येणाऱ्या नटाला बाहेरच थांबवा आणि फक्त आतल्यांकडून प्रसंग करून घ्या, जणू तो आला आहे. तरीही प्रसंग समजत असेल तर ब्लॉकिंग बरोबर आहे.

टप्पा ६: शूटिंग

या टप्प्यावरच्या चुका नंतर दुरुस्त होत नाहीत, म्हणून जरा रेंगाळतो.

*रिकामी फ्रेम धरा.* नट फ्रेममध्ये येण्याआधी दोन-तीन सेकंद आणि फ्रेमबाहेर गेल्यावर तीन-चार सेकंद कॅमेरा चालू ठेवा. 'ॲक्शन' म्हटल्यावर नट लगेच निघतो आणि बाहेर पडताच कोणीतरी 'कट' ओरडतं, ही रोजची रड आहे. त्या रिकाम्या सेकंदांशिवाय संकलकाकडे निवड उरत नाही. नटालाही सांगून ठेवा की फ्रेमबाहेर गेल्यावर लगेच सैल व्हायचं नाही. त्याची सावली आणि पावलांचा आवाज अजून आत असतो.

*दिशा सांभाळा.* पात्र फ्रेमच्या उजवीकडून बाहेर पडलं तर पुढच्या शॉटमध्ये ते डावीकडून आत आलं पाहिजे. तरच ते पुढे चाललंय असं वाटतं. उजवीकडून गेलं आणि उजवीकडूनच आलं तर ते परत आल्यासारखं दिसतं. एका लघुपटात आमचं नेमकं हेच झालं होतं. घर कायमचं सोडून निघालेला माणूस जिन्यात असा उतरला की तो काहीतरी विसरून परत आलाय असं वाटत होतं. शॉट उलटा करून बघितला, तर शर्टाचा खिसा उजवीकडे गेला आणि मागच्या पाटीवरची अक्षरं आरशातली झाली. शेवटी मध्ये रिकाम्या जिन्याचा एक सरळ समोरून घेतलेला शॉट घातला आणि निभावलं. तेव्हापासून प्रत्येक लोकेशनवर असा एक दिशा नसलेला शॉट घेऊनच निघतो: कठडा, दिवा, काहीही.

*फोकस.* कॅमेरा चेहऱ्याकडे वेगाने जाणार असेल तर फोकससाठी स्वतंत्र तालीम ठेवा. 'स्टेजकोच' (१९३९) मध्ये नायकाची एंट्री अशीच आहे: आधी बंदुकीचा बार ऐकू येतो, मग तो रायफल फिरवताना दिसतो आणि कॅमेरा झपकन त्याच्या चेहऱ्याकडे जातो. त्या धावण्यात क्षणभर चित्र धूसर होतं. तो टेक तरीही ठेवला गेला आणि आजही चालतो. तुमचा चालेलच असं नाही.

*प्रतिक्रिया आधी घ्या.* दिवस कलायला लागला की कापले जातात ते प्रतिक्रियांचे शॉट. म्हणून मी आतल्यांचे चेहरे पहिल्यांदा शूट करतो आणि दारातला शॉट शेवटी. नट कुरकुरतात. कुरकुरू द्या.

> तपासा: युनिट हलण्याआधी यादीवर खूण करा: रिकामी फ्रेम आधी, रिकामी फ्रेम नंतर, प्रत्येक आतल्या पात्राची प्रतिक्रिया, दिशा नसलेला एक शॉट, आणि खोलीचा मिनिटभर नुसता आवाज.

टप्पा ७: एक्झिट

रंगभूमीवरून आलेल्यांना एक सवय असते: टाळी घेऊन जायचं. शेवटचं वाक्य ठसक्यात टाकायचं आणि वळायचं. पडद्यावर ती टाळी येत नाही. वाक्य हवेत लटकतं आणि मागे राहिलेला नट काय करावं ते न कळून उभा राहतो. पहिला उपाय साधा आहे: पात्राचं शेवटचं वाक्य खोडा आणि वाचून बघा. बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या वाक्यावर एक्झिट अधिक चांगली होते.

मग ठरवा की कॅमेरा कोणाबरोबर राहणार. जाणाऱ्याबरोबर गेला तर गोष्ट पुढे सरकते. मागे राहणाऱ्याबरोबर थांबला तर तोटा जाणवतो. दोन्ही एकाच प्रसंगात नको.

'द थर्ड मॅन' चा शेवटचा शॉट याच कारणासाठी पुन्हा पुन्हा बघावा. लांबलचक सरळ रस्ता, बाजूला वाट बघत उभा एक पुरुष, आणि दुरून चालत येणारी बाई. कट नाही. ती जवळ येते, त्याच्याकडे न बघता पुढे निघून जाते. तो सिगारेट पेटवतो. कॅमेरा त्याच्याबरोबर थांबला आहे, आणि ती थांबेल ही आशा आपण त्याच्याइतकीच धरून बसलेलो असतो.

एक्झिटचे तीन प्रकार वेगळे हाताळावे लागतात.

*खोटी एक्झिट.* पात्र जातं, दारात थांबतं, वळतं. 'कोलंबो' या मालिकेतल्या डिटेक्टिव्हचं सगळं बस्तान यावर आहे. तो निघाला की गुन्हेगार सुस्कारा सोडतो, आणि त्याच क्षणी तो एक किरकोळ प्रश्न विचारायला वळतो. हे चालतं कारण समोरच्याने सावधपणा उतरवलेला असतो. तुमच्या प्रसंगात समोरचा निर्धास्त झालाच नसेल तर वळण्यात काही अर्थ नाही. आणि प्रश्न दिसायला क्षुल्लक हवा. मोठा आरोप करायचा तर बसूनच करता आला असता.

*अचानक एक्झिट.* मुख्य पात्राला मध्येच काढायचं असेल तर खरा प्रश्न पुढच्या दहा मिनिटांचा असतो, कारण प्रेक्षक ज्याच्या खांद्यावरून गोष्ट बघत होता तो खांदा गेला. 'सायको' (१९६०) मध्ये नायिका अर्ध्या चित्रपटाच्या आत मारली जाते. त्यानंतर दिग्दर्शक घाई करत नाही. एक माणूस ती जागा बराच वेळ, निगुतीने साफ करताना दाखवतो. गाडी दलदलीत ढकलली जाते, बुडता बुडता क्षणभर अडते, आणि आपण चक्क ती बुडावी म्हणून श्वास रोखतो. म्हणजे आपल्याला नकळत दुसऱ्या खांद्यावर बसवलेलं असतं. तो दुसरा खांदा आधी तयार नसेल तर मुख्य पात्राला हात लावू नका.

*गुपचूप एक्झिट.* पात्र गेलेलं आपल्याला दिसतच नाही. नंतर कोणाच्या तरी लक्षात येतं. लिहायला सोपी, बसवायला अवघड. यात लक्षात येण्याचा क्षण हीच एक्झिट, म्हणून तो नीट लिहा.

छापखान्यात: मुलगी शेवटी पुढच्या दाराने जाते. काही बोलत नाही. मशीन चालू आहे. कॅमेरा आत राहतो. मशीनमन दाराकडे बघत नाही, खुर्चीकडे बघतो. आणि हिशेबनीस, ज्याला ती नकोच होती, तो जाऊन त्या खुर्चीवर बसतो. मशीनमन मशीन बंद करतो. बस्स. इथे कोण जिंकलं ते मी सांगत नाही, आणि मुलीनेही सांगू नये.

> सावधान: दारात वळून शेवटचं बघणं ही सवय झाली आहे. एका चित्रपटात एकदाच, आणि तेही जे पात्र एरवी कधीच मागे बघत नाही त्यालाच द्या.

टप्पा ८: संकलन आणि आवाज

एक्झिट कुठे कापायची याचा एक ढोबळ ठोकताळा: पात्राचे डोळे फ्रेमबाहेर गेले की कापा. उरलेला खांदा आणि हात बाहेर जाईपर्यंत थांबलात तर वेग मरतो. पण रिकामेपण जाणवायला हवं असेल तर उलट करा. पूर्ण बाहेर जाऊ द्या आणि रिकाम्या फ्रेमवर थांबा. किती? एक सेकंद म्हणजे २४ फ्रेम. आठ-आठ फ्रेम वाढवत बघा, आणि जिथे तुम्हालाच अवघडल्यासारखं वाटेल त्याच्या थोडं पुढे कापा.

एंट्रीला आवाज चित्राच्या आधी येऊ द्या. पावलं, किल्ल्या, खोकला, दूरचं दार. अर्ध्या-एक सेकंदाचं हे पुढे सरकवणं फुकट आहे आणि संगीतापेक्षा जास्त काम करतं. एक्झिटला उलट, चित्र गेल्यावरही आवाज थोडा मागे रेंगाळू द्या.

संगीत घालण्याआधी प्रसंग संगीताशिवाय तीनदा बघा. संगीताशिवाय एंट्री पडत असेल तर टप्पा २ वर परत जा. वर संगीत ओतून ती उभी राहत नाही, फक्त मोठ्याने पडते.

मालिका लिहिणाऱ्यांसाठी वेगळं

मालिकेत दोन अडचणी वाढतात. पहिली, प्रेक्षक मध्येच येतो, म्हणून पात्राची खूण (तो आवाज, ती जागा) अधूनमधून पुन्हा दाखवावी लागते. दर भागाला तीच एंट्री आणि तीच धून मात्र नको; पाचव्या वेळी हसू येतं.

दुसरी, एक्झिट बऱ्याचदा गोष्टीमुळे होत नाही, नट सोडून जातो म्हणून होते, आणि तारीख आधी ठरते. अशा वेळी घाईने अपघात घडवण्यापेक्षा निरोप आणि शेवट वेगळे करा. 'मॅश' या लष्करी रुग्णालयावरच्या मालिकेने १९७५ मध्ये हे करून दाखवलं. तळावरचा अधिकारी हसतखेळत निरोप घेऊन घरी निघतो. आपणही हात हलवून मोकळे होतो. मग अगदी शेवटी शस्त्रक्रिया चालू असताना एक जण आत येऊन वाचून दाखवतो की त्याचं विमान पाडलं गेलं. डॉक्टर थांबू शकत नाहीत, समोर रुग्ण आहेत. हात चालूच राहतात. स्क्रिप्टचं ते शेवटचं पान बहुतेक नटांना चित्रीकरणाच्या वेळेपर्यंत दिलंच नव्हतं. नटांपासून पान लपवायची युक्ती प्रत्येक युनिटमध्ये चालणार नाही आणि चालवूही नये. पण ते पात्र गेल्यावर मागच्यांना *थांबता येणार नाही असं काम* हातात देणं, हे कोणालाही जमेल.

मालिकेत पात्र काढल्यावर पुढचे तीन भाग तपासा. त्याच्या जागेवर कोण बसतं, त्याचं नाव कोण घेतं, कोण घ्यायचं टाळतं. तिन्ही भागांत यातलं काहीच नसेल तर एक छोटा प्रसंग घाला. संवाद नसला तरी चालेल: फोनच्या यादीत त्याच्या नावाशी अडकलेला अंगठा, चुकून काढलेली त्याची हजेरी. तीस सेकंद पुरतात, आणि ते शूट करायला फक्त मागे राहिलेला एक नट लागतो.